पावसाळी जाकीट: निवड आणि निगा

श्रावणात येडशीच्या रामलिंग अभयारण्यातील दरीत दर्शनास उतरणाऱ्या भगिनींपैकी ज्या प्लास्टिकचा रेनकोट घालून येतात, त्या बाहेरच्या पावसाने नव्हे, तर आतल्या घामानेच चिंब होतात. या आपत्तीवर उतारा म्हणजे सूक्ष्मरंध्री पटलाचे जाकीट; १९६९ साली बॉब गोर या अमेरिकी संशोधकाने टेफ्लॉन झटक्याने ताणून जे पटल सिद्ध केले, त्याची छिद्रे जलबिंदूहून सहस्रावधी पटींनी लहान, परंतु बाष्पास वाट देण्याइतकी मोठी असल्याने, पाऊस अडतो व घाम निसटतो. मात्र पावसाळ्याच्या दमट हवेत हा व्यवहार मंदावतो, म्हणून काखेत चेन असलेलेच जाकीट घ्यावे, असा माझा आग्रह आहे. (शेतातल्या बाया पोत्याची खोळ घेतात, तीत हवा खेळते, हे कबूल केले पाहिजे.) पुरुषी मापाचे जाकीट बहुधा खांद्यावर लोंबते व कमरेखाली आवळते, तेव्हा ते कमीजावरून चढवून, हात वर करून पाहिल्याविना दाम मोजू नयेत.

पाण्याचे थेंब कापडावरून घरंगळेनासे झाले, म्हणजे जाकीट बाद झाले असे नव्हे. कापडाच्या बाहेरील जलरोधक लेपावर साचलेला मळ व साबणाचा अंश पाणी धरून ठेवतो. सौम्य द्रव साबणाने धुवून पुनःपुन्हा खळबळावे, कापड मऊ करणारे द्रावण वर्ज्य मानावे आणि लेबलाची मुभा असल्यास सुती फडक्यावरून कोमट इस्त्री फिरवावी; उष्णतेने हा लेप पुन्हा कार्यक्षम होतो.