अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, मग लग्न किंवा घटस्फोट झाला. पासपोर्टच्या अर्जात काय लिहायचं?

शपथविधीच्या दिवशी मिळालेल्या नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर 'विवाहित' असं छापलेलं आहे. पासपोर्टचा अर्ज भरायला मात्र आठ महिन्यांनी सवड मिळाली आणि तोवर घटस्फोट झाला. किंवा याच्या उलट: शपथ घेताना अविवाहित, आणि पुढच्याच महिन्यात पुण्याला जाऊन लग्न. आता अर्ज समोर घेतल्यावर पंचाईत होते. खरं लिहावं तर सर्टिफिकेटशी जुळत नाही, आणि सर्टिफिकेटशी जुळवावं तर खोटं ठरतं.

याचं उत्तर सरळ आहे. ज्या दिवशी अर्जावर सही करता, त्या दिवशी जे खरं आहे तेच लिहायचं. सर्टिफिकेटशी जुळलं नाही तरी चालतं.

नॅचरलायझेशन सर्टिफिकेट हा शपथेच्या दिवसाचा दाखला असतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन आणि नागरिकत्व कायद्यातच, या सर्टिफिकेटवर व्यक्तीच्या वर्णनात वैवाहिक स्थिती असावी, असं म्हटलं आहे. ती त्या दिवसापुरती बरोबर असली की झालं. आपल्याकडे जन्मदाखल्यावर आईवडिलांचा त्या वेळचा पत्ता असतो. पुढे घर बदललं म्हणून कोणी दाखला बदलून आणत नाही. तसंच हे.

अर्जात नेमकं काय विचारतात?

नव्या नागरिकाला पहिला पासपोर्ट डीएस-११ या फॉर्मवर काढावा लागतो. तो पोस्टाने पाठवता येत नाही. पोस्ट ऑफिस, काउंटी क्लर्कचं ऑफिस किंवा काही सार्वजनिक वाचनालयं असे अर्ज घेतात, तिथे स्वतः जावं लागतं. सही तिथल्या कर्मचाऱ्यासमोर, शपथेवर करायची असते. घरून सही करून नेऊ नये. मूळ सर्टिफिकेट अर्जासोबत द्यावं लागतं आणि ते नंतर परत येतं.

वैवाहिक स्थितीचा प्रश्न या फॉर्मवर ज्या शब्दांत येतो, तिथे बरेच जण घसरतात. 'तुम्ही विवाहित आहात का' असं तिथे विचारलेलं नाही. 'तुमचं कधी लग्न झालं होतं का' असं विचारलं आहे. त्यामुळे घटस्फोट झालेल्यांचं आणि जोडीदार वारलेल्यांचं उत्तरही 'हो' असंच येतं. त्यापुढे सध्याच्या किंवा सर्वांत अलीकडच्या जोडीदाराचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, लग्नाची तारीख, तो किंवा ती अमेरिकी नागरिक आहे का, आणि घटस्फोट किंवा जोडीदाराचा मृत्यू झाला असेल तर त्याची तारीख भरायची.

वेगळं राहणं म्हणजे घटस्फोट नव्हे, हेही लक्षात ठेवावं. कोर्टाचा निकाल लागलेला नसेल, तर तारखेच्या रकान्यात लिहिण्यासारखं काहीच नसतं.

आणि हे सगळं भरलं तरी पासपोर्टवर त्यातलं काहीही छापलं जात नाही. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जोडीदाराचं नाव असायचं, म्हणून अमेरिकी पासपोर्टमध्येही ते 'चढवावं' लागेल असं आपल्या लोकांना वाटतं. तसा रकानाच अमेरिकी पासपोर्टमध्ये नाही. पासपोर्ट हातात आल्यावर लग्न किंवा घटस्फोट झाला आणि नाव तेच राहिलं, तर कुणाला काही कळवायची गरज नाही.

नाव बदललं तर

नाव बदललं की कागद लागतात, आणि मराठी बायकांच्या बाबतीत हा गुंता दुप्पट असतो. लग्नानंतर आडनाव बदलतं, आणि मधलं नावही बदलतं: वडिलांच्या जागी नवऱ्याचं. काही घरांत तर पहिलं नावही बदलतात. भारतात हे इतकं सवयीचं आहे की तो 'नावबदल' वाटतच नाही. अमेरिकी अधिकाऱ्याला मात्र सर्टिफिकेटवरची बाई आणि अर्जातली बाई एकच आहे, हे कागदावर दिसावं लागतं.

त्यासाठी लग्नाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा, मूळ किंवा प्रमाणित प्रत, जोडावी लागते. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरही हवं. घटस्फोटानंतर माहेरचं नाव परत घ्यायचं असेल, तर हुकूमनाम्यात तसा उल्लेख आहे का, हे आधी पाहावं. आधी वापरलेली सगळी नावं लिहायलाही फॉर्ममध्ये जागा आहे. ती रिकामी सोडू नये.

पासपोर्ट निघाल्यानंतर नाव बदललं, तर पासपोर्टची तारीख बघायची. एक वर्षाच्या आत असेल तर डीएस-५५०४ फॉर्म भरून तो बदलून मिळतो, त्याला नेहमीची फी लागत नाही. वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणाचा फॉर्म आणि पूर्ण फी.

खरा धोका शपथेच्या आधी

लोक घाबरतात पासपोर्टच्या फॉर्मला. जपायला हवं ते त्याआधीच्या टप्प्यात. नागरिकत्वाची मुलाखत आणि शपथ यांच्यात काही दिवस किंवा महिने जातात. काही ठिकाणी दोन्ही एकाच दिवशी उरकतं, तेव्हा हा प्रश्न येत नाही. पण मधे वेळ गेला, तर शपथविधीला जाताना एन-४४५ हा फॉर्म भरून द्यावा लागतो. मुलाखतीनंतर लग्न झालं का, घटस्फोट झाला का, वेगळे झालात का, जोडीदार वारला का, असं त्यात विचारलेलं असतं.

ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झाल्यावर अर्ज केलेल्यांची पात्रता लग्नावर अवलंबून नसते. खरं लिहायचं, कागद सोबत न्यायचे. ग्रीन कार्डच त्या लग्नावर मिळालं असेल, तर अधिकारी आणखी काही विचारू शकतात, इतकंच.

तीन वर्षांच्या नियमाचं तसं नाही. अमेरिकी नागरिकाशी लग्न झालेल्यांना ही सवलत आहे, आणि ती घेणाऱ्यांचं लग्न शपथ घेईपर्यंत टिकलेलं असावं लागतं. मुलाखत पास झाली, शपथेची तारीख आली आणि मधल्या काळात घटस्फोटाचा निकाल लागला, तर त्या अर्जावरची पात्रता संपते. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर पुन्हा अर्ज करता येतो; म्हणजे यात वेळ आणि फी जाते, नागरिकत्वाची वाट बंद होत नाही. घटस्फोट लपवून शपथ घेतली, तर मात्र महत्त्वाची माहिती दडवल्याच्या कारणावरून मिळालेलं नागरिकत्व रद्द करण्याची तरतूद कायद्यात आहे. मग पासपोर्टच्या अर्जात घटस्फोटाची खरी तारीख लिहिली, तर ती शपथेच्या आधीची निघते. खोटी लिहिली, तर पासपोर्टच्या अर्जात खोटं विधान केल्याचा वेगळा गुन्हा. अशा कात्रीत सापडलेल्यांनी फॉर्मला हात लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठावं. फेसबुक ग्रुपवरच्या सल्ल्याने हे सुटत नाही.

भारताच्या बाजूने काय?

अमेरिकी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर अनेक जण ओसीआय कार्ड काढतात. स्वतःच्या भारतीय मुळांवर मिळालेल्या ओसीआयला घटस्फोटाने धक्का लागत नाही. जोडीदार भारतीय नागरिक किंवा ओसीआयधारक आहे म्हणून मिळालेलं कार्ड असेल, तर कोर्टात घटस्फोट झाल्यावर ते रद्द होऊ शकतं. म्हणून लग्न किंवा घटस्फोट झाला की आपलं कार्ड कोणत्या आधारावर निघालं होतं, हे जुना अर्ज काढून एकदा बघून घ्यावं.