'त्याचा धर्म' म्हणजे कोणाचा?

आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुणे-सोलापूर रस्त्याने आमच्या भांडगावावरून जाते, तेव्हा दर्शनाला पुढारी मंडळीही येतात. त्यात कोणी वावगे मानीत नाही, मानूही नये. प्रश्न उद्भवतो तो, तोच पुढारी प्रचारसभेत 'आपला धर्म एक, म्हणून मत मला' असे म्हणू लागला की.

1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 123 अशा आवाहनाला भ्रष्ट आचरण ठरविते. पूर्वी ते 'पद्धतशीर' असेल तरच दोषास्पद होते. 1961 साली तो शब्द गेला आणि एक भाषणही पुरेसे झाले. पण त्याच दुरुस्तीत 'त्याच्या' धर्माच्या आधारे, असा एक इवलासा शब्द शिरला. त्यानेच पुढे वकिलांना पुष्कळ काम पुरविले!

डिसेंबर 1987 मध्ये मुंबईतील विलेपार्ले येथील पोटनिवडणूक शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू यांनी जिंकली. पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे न्यायालयात गेले. बाळ ठाकरे यांची प्रचारातील भाषणे धर्माच्या नावाने मते मागणारी ठरवून उच्च न्यायालयाने 1989 मध्ये निवड रद्द केली. 11 डिसेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. पुढे ठाकरे यांचा मताधिकारही सहा वर्षांसाठी गेला.

मात्र त्याच दिवशी मनोहर जोशी यांची 1990 ची दादरमधील निवड वैध ठरली. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल, हे त्यांचे विधान म्हणजे केवळ आशा, असे न्यायालय म्हणाले. सभेतील श्रोत्यांनीही ते निव्वळ आशा म्हणूनच ऐकले असेल, हे मला तरी पटत नाही.

'त्याचा' म्हणजे उमेदवाराचा, की मतदाराचाही? 1990 च्याच सांताक्रूझच्या निवडणुकीतून आलेल्या या प्रश्नाचे उत्तर 2 जानेवारी 2017 रोजी मिळाले: दोघांचाही. परंतु निकाल चार विरुद्ध तीन असा होता. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अल्पमताचा आक्षेप हलका नव्हे. जात वा धर्म यांमुळे ज्यांनी अन्याय सोसला, त्यांनी तो निवडणुकीत मांडायचाच नाही काय?

शिवाय अर्ज करता येतो तो निकालानंतर, 45 दिवसांत, तोही उमेदवाराला वा मतदारालाच. प्रभूंच्या खटल्याचा अंतिम निकाल लागला तोवर ती विधानसभा विसर्जित होऊन दुसरीही संपली होती, आणि तिसरी कामाला लागली होती.