संगणकीय खेळांच्या चोरट्या प्रती आणि लिनक्सवरील वैध पर्याय

प्रताधिकारधारकाची अनुमती न घेता तयार केलेल्या, वाटलेल्या वा विकलेल्या संगणकीय खेळाच्या नकलेस चोरटी प्रत म्हणतात. विकत घेतलेलीच प्रत चालावी म्हणून अनेक निर्माते खेळात सांकेतिक कुलूप बसवितात. ते निकामी करण्यासाठी मूळ आज्ञावलीत फेरफार करावा लागतो. अशा प्रतीस ‘क्रॅक’ केलेली प्रत असे म्हटले जाते. धोक्याचे मूळ या फेरफारातच आहे. ज्या अज्ञात व्यक्तीने कुलूप काढले तिने आत आणखी काय घातले, हे पारखण्याचे साधन सामान्य वापरणाऱ्याजवळ नसते. शिवाय प्रतीसोबतच्या सूचनांत विषाणुरोधक आज्ञावली बंद करण्यास पुष्कळदा सांगितलेले असते. त्यामुळे पहारा वापरणारा स्वतःच उठवितो.

धोके : अव्हास्ट या चेक सुरक्षा कंपनीने जून २०२१ मध्ये ‘क्रॅकोनॉश’ या घातक आज्ञावलीची माहिती प्रसिद्ध केली. ग्रँड थेफ्ट ऑटो ५, फार क्राय ५, द सिम्स ४ इ. खेळांच्या चोरट्या प्रतींतून ती पसरली होती. ती विषाणुरोधक आज्ञावल्या बंद पाडी आणि संगणकाची शक्ती मोनेरो हे कूटचलन मिळविण्यासाठी वापरी. अव्हास्टच्या माहितीनुसार तिने २,२२,००० हून अधिक संगणक बाधित केले व तिच्या कर्त्यांना सु. २० लाख डॉलर मिळाले. कॅस्परस्की या रशियन कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये अशीच दुसरी मोहीम उघडकीस आणली. तीत गॅरीज मॉड, बीमएनजी ड्राइव्ह इ. खेळांच्या प्रती सप्टेंबर २०२४ च्या सुमारास ठेवण्यात आल्या, परंतु त्यांतील घातक भाग ३१ डिसेंबर रोजी जागा झाला. तात्पर्य, खेळ काही महिने सुरळीत चालला, एवढ्यावरून प्रत निर्धोक ठरत नाही.

लिनक्स आणि सुरक्षितता : लिनस टोरवाल्ड्स यांनी हेल्सिंकी विद्यापीठात शिकत असताना १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. या प्रणालीवर विंडोजसाठी लिहिलेले विषाणू चालत नाहीत, असा समज आहे. तो अपुरा आहे. विंडोजचे खेळ लिनक्सवर चालविण्यासाठी ‘वाइन’ (आरंभ १९९३) ही आज्ञावली वापरतात. ती विंडोजच्या आज्ञांचे लिनक्सच्या आज्ञांत रूपांतर करते. खेळाला बंदिस्त ठेवणे हे तिचे काम नव्हे. वाइन सामान्यतः संगणकावरील सर्व धारिकांचा संग्रह ‘झेड’ या खणाच्या रूपाने खेळापुढे मांडते. वाइनमध्ये चालणाऱ्या खेळास वापरणाऱ्याचे सर्व अधिकार लाभतात. प्रणालीचा गाभा त्यामुळे सहसा बिघडत नाही. मात्र पत्रे, छायाचित्रे, परवलीचे शब्द ही वापरणाऱ्याची खरी ठेव उघडी पडते.

कायदा : भारतात संगणकीय आज्ञावलीस प्रताधिकार अधिनियम, १९५७ खाली साहित्यकृतीचे संरक्षण आहे. कलम ६३ ब अन्वये अनधिकृत आज्ञावलीचा जाणूनबुजून वापर केल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रु. दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी वा व्यवसायात नसल्यास न्यायालय कारावास न देता ५०,००० रु. पर्यंत दंड करू शकते. बाजारात मिळेनासा झालेला जुना खेळ आपोआप मुक्त होत नाही, हेही लक्षात ठेवावयास हवे.

वैध पर्याय : चोरटी प्रत घेण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पैशाची अडचण. लिनक्सवर हे कारण बरेचसे लटके पडते, कारण तेथे मुक्त परवान्याखालील अनेक खेळ विनामूल्य मिळतात. बॅटल फॉर वेसनॉथ (२००३) हा डावपेचांचा, सुपरटक्सकार्ट हा शर्यतींचा, तर झीरो ए.डी. हा प्राचीन संस्कृतींच्या संघर्षाचा खेळ आहे. शेवटच्यात मौर्यांचाही समावेश आहे. डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरणांच्या भांडारांतून खेळ घेतल्यास अंकीय स्वाक्षरीची आपोआप पडताळणी होते.

काही खेळांत आज्ञावली मुक्त व आशय राखीव, अशी विभागणी आढळते. डूम (१९९३) या खेळाची आज्ञावली १९९७ मध्ये खुली झाली. त्याची चित्रे, नकाशे व ध्वनी मात्र आजही राखीव आहेत. ‘फ्रीडूम’ या प्रकल्पाने हा आशय नव्याने निर्माण करून संपूर्ण मुक्त खेळ सिद्ध केला.

विकत घेणाऱ्यांसाठी स्टीम हे विक्रीकेंद्र फेब्रुवारी २०१३ पासून लिनक्सवर आहे. त्याच्या चालकांनी ऑगस्ट २०१८ मध्ये वाइनवर आधारलेली ‘प्रोटॉन’ ही जोड दिल्याने विंडोजचे असंख्य खेळ तेथे चालू लागले. पोलंडमधील जीओजी हे केंद्र कुलूपरहित प्रती विकते, त्यामुळे कुलपाच्या जाचाची तक्रारही उरत नाही.

मर्यादा : फसवेगिरी रोखण्यासाठी विंडोजच्या गाभ्यात शिरणारी आज्ञावली वापरणारे व्हॅलोरंटसारखे काही स्पर्धात्मक खेळ लिनक्सवर चालत नाहीत. अशा खेळांची ‘लिनक्ससाठी खास’ म्हणून कोणी प्रत देऊ केल्यास ती संशयास्पद मानावी.