चिरुटाची पारख

संग्रामपूर हें बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर अंगाचें तालुक्याचें गांव. तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग असून अंबाबरव्याचें अभयारण्य याच भागांत आहे. सातपुड्याच्या रानांत टेंभुर्णीचीं झुडपें आढळतात. त्यांच्याच पानास व्यापारांत तेंदूपान म्हणतात. अभयारण्याबाहेरील रानांत उन्हाळ्यांत हीं पानें खुडून, त्यांचे पुडे बांधून वाळत घालण्याची रीत आहे. पान खुडणाऱ्या बाईस तराजू लागत नाहीं कीं भिंग लागत नाहीं. फार कोवळें पान वाळतांना आक्रसतें, जून पान वळतांना तडकतें, किडीनें भोंक पाडलेलें पान विडीच्या कामाचें नव्हे; हें सारें ती नजरेनें आणि बोटांच्या स्पर्शानें ओळखते. ही झाली विडीच्या पानाची पारख.

याच पारखेचें दुसरें, श्रीमंती रूप मोठ्या शहरांतून पाहावयास मिळतें. तेथें कांहीं हौशी मंडळी उंची चिरूट हातीं घेऊन व शेजारीं वही ठेवून बसतात, आणि परीक्षक जसा उत्तरपत्रिकेस गुण देतो तसे त्या चिरुटास गुण देतात. या छंदांत शास्त्र किती, लहर किती, आणि त्याची खरी किंमत कोणती, हें समजून घेण्याजोगें आहे.

चिरूट हा शब्द तामीळ भाषेंतून आला. गुंडाळी असा त्याचा अर्थ. तिरुचिरापल्लीचे चिरूट एके काळीं विलायतेंतहि प्रसिद्ध होते. १८८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कथेंत शेरलॉक होम्स केवळ राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखतो, तो उगाच नव्हे. विडींत तंबाखू एका झाडाची व वेष्टन दुसऱ्याच झाडाचें असतें. उंची चिरुटांत मात्र आंतबाहेर तंबाखूचेंच पान. त्याचे थर तीन. पोटांत लांब पानांची घडी, तिच्याभोंवतीं आकार धरून ठेवणारें बंधनाचें पान, आणि सर्वांवर तलम, निर्दोष असें आवरणाचें पान. एकाच रोपाच्या शेंड्याचें पान जहाल असतें, मधलें सुवासिक असतें, तर बुडाचें सौम्य असून चांगलें जळतें. या तिहींचें प्रमाण साधणें हेंच कारागिराचें कसब.

पान तोडल्यावर तें प्रथम छपराखालीं टांगून वाळवितात. मग त्याच्या थप्प्या रचतात. थप्पीच्या पोटांत आपोआप ऊब धरते, पान आंबतें आणि त्यांतील नवसागरासारखा उग्र वास निघून जातो. ऊब फार वाढली तर पान जळेल, म्हणून थप्पी वेळोवेळीं मोडून पुन्हां रचावी लागते. लोणचें मुरावें तसेंच हें मुरणें असतें. घाई केली कीं चव बिघडली.

आतां परीक्षेची रीत. प्रथम डोळा व बोट. आवरण गुळगुळीत असावें, शिरा बारीक असाव्या, दाबलें असतां चिरूट कोठें पोकळ वा कोठें दगडासारखा लागूं नये. मग न पेटवितां वास घ्यावयाचा. टोक छाटून, तसाच कोरडा एक झुरका घ्यावयाचा. हवा सहज आली तर बांधणी चांगली. पेटवितांना ज्योत पानास भिडूं न देतां नुसत्या आंचेनें तोंड शिलगवितात. धूर तोंडांत घोळवून सोडतात, फुप्फुसांत ओढीत नाहींत. मिनिटास सुमारें एक झुरका पुरे. त्याहून घाई केल्यास चिरूट तापतो व चव कडवट होते. चिरुटाचे मनानें तीन भाग कल्पून प्रत्येक भागाची निराळी नोंद करितात, कारण शेवटाकडे चव दाट व तिखट होत जाते. राख घट्ट राहते कीं भुरभुरते, आग सारखी फिरते कीं एका अंगानें धांवते, हेंहि टिपतात.

खरी अडचण पुढेंच असते. जाणवलेली चव शब्दांत कशी पकडावी? परदेशी परीक्षक देवदाराचें लांकूड, कमावलेलें चामडें, कोको असे शब्द वापरतात. ज्यानें कोको क्वचित् चाखला त्यानें तो शब्द उसना घेतल्यास ती नोंद निव्वळ घोकंपट्टी ठरते. आपल्याकडील माणसानें आपल्या स्वयंपाकघराकडे वळावें. मिरीं, जायफळ, भाजलेले शेंगदाणे, काकवी, पहिल्या पावसाची माती, हे वास त्याच्या नाकास लहानपणापासून पाठ आहेत. नोंद खरी तीच, जी लिहिणाऱ्याच्या अनुभवांतून आली.

१९९२ सालीं अमेरिकेंत 'सिगार अफिशिओनाडो' नांवाचें नियतकालिक निघालें आणि त्यानें १०० गुणांची पद्धत रूढ केली. चिरुटावरील कागदी पट्टी काढून, परीक्षकास नांव न कळूं देतां तो ओढावयास देतात, हा तिचा मोठा गुण. तरीहि आंकड्यानें भुलूं नये. उंची चिरुटास शेंकडा ६५ ते ७० आर्द्रतेची हवा मानवते. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यांत तो उघडा ठेविला तर थोड्याच दिवसांत कडकडीत होतो. मग मिळालेले गुण पानाचे नसून पेटीचे असतात.

आणि एक गुण असा आहे कीं तो कोणत्याच तक्त्यांत मांडीत नाहींत. अकबराचा वकील असदबेग १६०४ च्या सुमारास विजापुराहून परत गेला, तेव्हां त्यानें तंबाखू व रत्नजडित नळी बादशहापुढें ठेविली. बादशहानें कुतूहलानें दोनचार झुरके घेतले. हकीमानें त्यास पुढें जाऊं दिलें नाहीं. त्या हकीमाची शंका वैद्यकानें आज खरी ठरविली आहे. धूर पोटांत घेतला नाहीं म्हणजे अपाय नाहीं, ही समजूत खोटी होय. चिरुटाच्या धुरांतील निकोटिन तोंडाच्या अस्तरांतूनच रक्तांत शिरतें, आणि तोंड, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगास तो धूर कारण होतो. एका मोठ्या चिरुटांत सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असूं शकते. ९५ गुणांचा चिरूट या बाबतींत ७० गुणांच्या चिरुटाहून अधिक दयाळू नसतो.

मग हा छंद सर्वस्वीं टाकाऊ कां? त्यांतील धूर टाकाऊ, शिस्त नव्हे. डोळे मिटून चाखणें, नांवास न भुलणें, घाई न करणें, स्वतःच्या शब्दांत नोंद ठेवणें, ही शिस्त चहास लागू आहे, गुळास आहे, मधास आहे, आंब्यासहि आहे. वैशाखांत घरीं आलेल्या तीन निरनिराळ्या आंब्यांच्या फोडी नांवें झांकून मुलांपुढें ठेवाव्या आणि प्रत्येकानें चार ओळी लिहाव्या. त्यांची जीभ व भाषा दोन्हीं तरबेज होतील. रानांत पान निवडणाऱ्या बाईनें ही विद्या धुराचा एक झुरकाहि न घेतां साधली आहे. फरक इतकाच, कीं हौशी माणसाचा अंदाज चुकला तर वहींतील एक आंकडा चुकतो, आणि तिचा चुकला तर तिची मजुरी जाते.