जॉइन आधी झालात, म्हणून सीनिअर?

यादीत नाव लागलं, पेढे वाटून झाले, नियुक्तीचा आदेशही हातात आला. आता एक हिशेब समजून घ्या. तो आत्ता कुणी सांगणार नाही आणि दहा वर्षांनी बढतीच्या वेळी मात्र अचानक समोर येईल. सरकारी नोकरीत तुमचा नंबर कितवा?

समजा, तुमचा गुणवत्ता क्रमांक 12 आणि मित्राचा 47. तो आदेश मिळाल्या मिळाल्या हजर झाला. तुम्ही जुन्या नोकरीचा राजीनामा मंजूर होईपर्यंत थांबलात, वीस दिवसांनी पोहोचलात. ऑफिसात सगळे त्यालाच सीनिअर म्हणणार. म्हणू द्या! एकाच निवड यादीतल्या सरळसेवेच्या उमेदवारांत क्रम लागतो तो गुणवत्तेनं, हजर तारखेनं नाही. मात्र राज्याच्या 1982च्या नियमांनी त्याला अट घातली होती: आदेशापासून 30 दिवसांत किंवा वाढवून मिळालेल्या मुदतीत रुजू व्हायचं. 2021मध्ये नवे नियम आले, तरी गुणवत्ता क्रमाचं महत्त्व कायम आहे. त्यामुळे मुदतवाढ हवी असेल तर लेखीच मागा. साहेब फोनवर ‘बघू’ म्हणाले, हा काही पुरावा नव्हे.

बढतीनं आलेले आणि थेट भरती झालेले यांचं भांडण तर जुनंच. महाराष्ट्रातल्या अभियंत्यांचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला. 1990 साली निकाल लागला: नियमानुसार नेमणूक झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासून धरायची, कायम झाल्याच्या तारखेपासून नाही. निव्वळ तात्पुरती, नियमाबाहेरची सोय म्हणून केलेली सेवा मात्र त्यात धरली जात नाही.

आणखी एक खड्डा आहे. गावाजवळ जायचं म्हणून जिल्हा बदलून घेणं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना विचारा. आंतरजिल्हा बदलीनंतर नव्या जिल्ह्यात ते ज्येष्ठता यादीच्या तळाशी जातात. घरी आई-वडील आजारी असतील तर हा सौदा करावाही लागतो. पण तो सौदा आहे, हे माहीत असू दे.

तात्पुरती ज्येष्ठता यादी फिरते तेव्हा ‘वाचली’ म्हणून सही ठोकू नका. जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, निवडीचं वर्ष, गुणवत्ता क्रमांक नीट बघा. चूक दिसली तर मुदतीत हरकत द्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांकासकट शिक्का मारून घ्या.