उपग्रहाला आपले शिवार कसे दिसते?

सभासद बंधूंनो, उपग्रह पिकाचा हिरवेपणा मोजतो तो असा: निरोगी पान लाल प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. पीक सुकले की हा फरक घटतो. मागील वर्षांच्या त्याच दिवसांशी ताडले की ताण कळतो.

पण मेख इथेच आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचा आपला ऊस हिरवागार, शेजारचे कोरडवाहू सोयाबीन करपलेले. वरून एकाच ठिपक्यात दोन्ही मिसळू शकतात. म्हणून २०१६ च्या दुष्काळ संहितेत निवडक गावांची प्रत्यक्ष पाहणीही ठेवली आहे. २०१८ साली राज्यातले १५१ तालुके याच रीतीने जाहीर झाले.

तेव्हा ई-पीक पाहणी वेळेवर नोंदवू या, पथक आले की बांधावर हजर राहू या. आपल्या उसाखाली शेजाऱ्याचा दुष्काळ झाकला जाऊ नये.