टंचाईच्या दिवसांत हिरवळीस पाणी किती व कसे घालावे

कर्जत व खालापूर या तालुक्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत ठाकूर व कातकरी लोकांच्या वाड्यांतील मुली डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याची वाट चालताना दिसतात. त्यांपैकी काही आमच्याच वर्गांत बसतात. नवख्या माणसास ही गोष्ट चमत्कारिक वाटते. पण तिचे कारण आपल्या पायांखालीच आहे. येथील जमीन म्हणजे काळ्या कातळावर मुरूम आणि मुरुमावर मातीचा पातळ थर. कातळाच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी मुरते. बाकीचे उल्हास नदी वसईच्या खाडीस आणि पाताळगंगा धरमतरच्या खाडीस नेऊन पोचवते. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली व भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. तेव्हापासून घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी वीज निर्माण करून खाली येते, आणि त्याच्या जोरावर राजनाल्याकाठी उन्हाळ्यातही भात उभे राहते. परंतु कालवा उंचावरील वाडीस चढून जात नाही.

अशा मुलखात हिरवळीची गोष्ट कशास, असे कोणी विचारील. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील मुंबईकरांच्या एका बंगल्यावर माळीकाम करतात. गेल्या उन्हाळ्यात ते शाळेत येऊन म्हणाले, "मास्तर, मालक म्हणतात हिरवळ सुकता कामा नये, आणि विहीर तर तळाला गेली. आमच्या वाडीचा झरा त्याच ओहळात आहे. मी कोणाचे ऐकू?" त्यांच्या पोटाचा व घरच्या पाण्याचा प्रश्न एकाच विहिरीत उतरला होता. तेव्हा आम्ही नववीच्या मुलांस घेऊन हिशेब मांडावयाचे ठरविले.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी उभे राहिले म्हणजे ते बरोबर एक लिटर होते. एक गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात हिरवीगार हिरवळ दिवसास साधारण चार ते पाच मिलिमीटर पाणी हवेत सोडते. म्हणजे गुंठ्यास रोज चारशे ते पाचशे लिटर पाणी लागते. सरकारच्या जल जीवन मिशनने खेड्यातील माणसास दररोज ५५ लिटर पाणी मिळावे असे ठरविले आहे. तेव्हा एक गुंठा गवत सात माणसांहून अधिक पाणी पिते. बंगल्याची हिरवळ सहा गुंठे होती. मुलांनी गुणाकार केला आणि वर्गात काही वेळ कोणी बोलले नाही.

पण हे झाले गवताच्या गरजेपुरते. माणूस घालतो ते याहून कितीतरी जास्त. आम्ही सरळ काठांचे सहा रिकामे डबे हिरवळीवर मांडून फवारा पाव तास चालू ठेवला व फूटपट्टीने पाणी मोजले. नळाजवळच्या डब्यात नऊ मिलिमीटर, कोपऱ्यातल्यात जेमतेम दोन, आणि फरशीच्या वाटेवर ठेवलेल्यात सहा! कोपरा पिवळा दिसतो म्हणून माळीबुवा रोज फवारा जास्त वेळ चालवीत, आणि ते पाणी मधल्या गवताच्या मुळांखाली व वाटेवर जाई. फवाऱ्याची जागा दोनदा बदलताच निम्मा वेळ पुरू लागला. हा प्रयोग कोणीही घरी करावा; त्यास एक पैसाही लागत नाही.

रोज थोडेथोडे पाणी शिंपडण्याची चाल तर सर्वांत वाईट. त्याने वरची दोन बोटे माती भिजते, मुळे तेथेच घुटमळतात आणि एक दिवस पाणी चुकले की गवत मान टाकते. आठवड्यातून दोनदा, पण वीतभर खोल ओल जाईल असे पाणी द्यावे. ओल किती गेली हे लोखंडी सळई खुपसून कळते. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरडीत अडते. मुरमाड उतारावर पाणी वाहून जाते, म्हणून दहा मिनिटे देऊन अर्धा तास थांबावे व पुन्हा द्यावे. वेळ पहाटेची. दुपारी ऊन व वारा निम्म्या वाटेतच पाणी पळवितात, आणि रात्रभर ओल्या राहिलेल्या पात्यांवर बुरशी धरते. गवत चार बोटे उंच राखावे म्हणजे माती सावलीत राहते; छाटलेले तुकडे तेथेच पडू द्यावेत. पाणी हवे की नको हे पायाने कळते: चालून गेल्यावर पाती उठून उभी राहिली नाहीत, ठसे तसेच राहिले, तर गवत तहानलेले आहे.

निर्बंधांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. टंचाई जाहीर झाली म्हणजे पिण्याच्या सार्वजनिक पाणवठ्याजवळील खाजगी विहिरींच्या उपशावर जिल्हाधिकाऱ्यांस बंधने घालता येतात. ही तरतूद १९९३ च्या कायद्यातही होती. कातळातील भेगा सातबारा पाहून आखलेल्या नसतात, हेच तिचे मूळ. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी गेले. १२ तारखेस पोचलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या आयपीएल क्रिकेटचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला, आणि वाद होता तो मैदानांच्या पाण्याचाच. क्रिकेटवेड्या आमच्या मुलांस हा निकाल अजूनही पटत नाही. वर्गात त्यावरून दोन तट पडतात. कॅलिफोर्नियासारख्या श्रीमंत प्रांतातही २०१५ साली गव्हर्नरने शहरांचा पाणीवापर चतुर्थांशाने कमी करण्याचा हुकूम काढला आणि लोकांस हिरवळी मोडावयास लाविले.

आता माळीबुवांच्या प्रश्नाचे उत्तर. बंगल्यावरचे बरेचसे गवत आपली साधी हरळीच होती, जिला आपण दूर्वा म्हणून ओळखतो. तिला निम्मे पाणी दिले तरी ती मरत नाही, फक्त फिकी पडते. पाणी अगदीच तोडले तर पाती वाळतात, पण जमिनीतील गाठी जिवंत राहतात. मालकांस हे समजावून सांगणारी चिठ्ठी आम्ही मुलांकडून लिहवून घेतली. मालक भले गृहस्थ निघाले. घरापुढचा दीड गुंठा पहाटे भिजवावा व मागचा सगळा भाग सुकू द्यावा, असे त्यांनी कळविले. पाहुण्यांस मागची बाजू दाखवू नये, अशी एक ओळही त्यांनी खाली जोडली होती.

मे अखेर आम्ही गेलो तेव्हा मागचे गवत वाळक्या पेंढ्यासारखे झाले होते आणि विहिरीत गुडघाभर पाणी होते. वाडीचा झरा बारीक का होईना, वाहत होता. तो आमच्या हिशेबामुळेच टिकला असे मात्र आम्ही म्हणत नाही. जूनमध्ये पाऊस लागला, आणि आठवड्याभरात माळीबुवांचा मुलगा हरळीचे एक कोवळे पाते वहीत घालून वर्गात दाखवावयास घेऊन आला.